रुंदावत जाणारा खंदक: श्नेप्फेन्टालच्या गुट्समुट्स सरांचा प्रकरण अभ्यास

बी.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या इतिहासाच्या पेपरात योहान ख्रिस्टोफ फ्रीडरिश गुट्समुट्स यांच्या वाट्याला फार तर चार ओळी येतात. जर्मन व्यायामविद्येचे आजोबा, १७९३ सालचं पुस्तक, श्नेप्फेन्टाल नावाची शाळा, बस. लगेच यान, मग स्पीस, मग स्वीडनचे लिंग, आणि दहा गुणांचा प्रश्न सुटतो.

या टिपणात त्या चार ओळींमागचं प्रकरण उलगडून पाहायचं आहे. एक शिक्षक, एकच शाळा, झाडांखालचं एक मैदान आणि सुमारे पन्नास वर्षं. शारीरिक शिक्षणाच्या इतिहासात चळवळी पुष्कळ सापडतात, पण एकाच नोकरीत आयुष्य घालवलेल्या मैदानावरच्या मास्तरांचं काम इतक्या तपशिलात क्वचितच हाती लागतं. असे मास्तर सहसा लिहीत नाहीत. यांनी लिहिलं, आणि भरपूर लिहिलं.

मला यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आधीच सांगून टाकतो. या माणसाच्या कामातलं जगभर काय पसरलं आणि जागच्या जागी काय राहिलं? माझं उत्तर असं की व्यायामाचं साहित्य जगभर गेलं, वही जागीच राहिली. वही म्हणजे प्रत्येक मुलाची नोंद, आणि ती नोंद घेण्यामागची नजर. पुढचं सगळं या उत्तराच्या बाजूने आहे. ज्याला पटणार नाही त्याला उलट बाजू मांडायलाही यात पुरेसा मजकूर मिळेल.

पोचवायला गेलेले मास्तर

गुट्समुट्स यांचा जन्म ९ ऑगस्ट १७५९ चा, क्वेडलिनबुर्ग गावचा. १७७९ ते १७८२ या काळात ते हाले विद्यापीठात धर्मशास्त्र शिकले. जोडीला गणित, भौतिकशास्त्र, इतिहास असं बरंच काही ऐकलं. गावी परतल्यावर रिटर नावाच्या डॉक्टरांच्या मुलांची शिकवणी धरली. १७८४ मध्ये डॉक्टर वारले आणि घरात कर्ता माणूस उरला नाही.

त्याच वर्षी ख्रिस्टियान गोटहिल्फ झाल्ट्समान या शिक्षणतज्ज्ञाने थुरिंगियाच्या जंगलाच्या पायथ्याशी एक निवासी शाळा काढली. गोथाच्या ड्यूकचं साहाय्य होतं. झाल्ट्समान त्याआधी देसाऊ या जर्मन शहरात होते. तिथे योहान बेर्नहार्ड बाझेडो यांनी १७७४ मध्ये सुरू केलेल्या शाळेत मुलांना धावणं, उडी मारणं, चढणं, तोल सांभाळणं आणि ओझं वाहणं या गोष्टी रीतसर शिकवल्या जात. युरोपात तेव्हा ही नवलाई होती. सरदार-दरकदारांच्या मुलांना घोडेस्वारी आणि तलवारबाजी असायचीच, पण धावणं हा शाळेत शिकवायचा विषय असतो हे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

रिटरांची दोन मुलं झाल्ट्समान यांच्या शाळेत जायची ठरली. १७८५ मध्ये त्यांना घेऊन गुट्समुट्स निघाले. धाकटा कार्ल जेमतेम सहा वर्षांचा होता आणि तोच या शाळेचा पहिला विद्यार्थी मानला जातो. पोरांना पोचवायला गेलेले मास्तर मात्र परत आले नाहीत. झाल्ट्समान यांनी त्यांना ठेवून घेतलं. आधी व्यायामाचा तास ख्रिस्टियान कार्ल आंद्रे नावाचे सहकारी घेत असत. १७८६ मध्ये तो गुट्समुट्स यांच्याकडे आला. भूगोलही त्यांच्याकडेच होता, आणि ही जोडी पुढे फार कामाची ठरली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या माणसाला शारीरिक शिक्षणाचं कसलंही प्रशिक्षण नव्हतं, कारण तसं प्रशिक्षण अस्तित्वातच नव्हतं. धर्मशास्त्र शिकलेला माणूस, हातात देसाऊहून आलेले पाच-सात व्यायाम आणि समोर वेगवेगळ्या वयाची मुलं. आजही कित्येक शाळांत पीटीचा तास 'तुमचं वय कमी आहे, तुम्ही घ्या' म्हणून भाषेच्या किंवा गणिताच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो. सुरुवात तीच, फरक पुढच्या सात वर्षांत पडला.

मैदान

शाळेजवळ झाडांच्या सावलीत मोकळी जागा होती. जर्मनीतलं पहिलं व्यायामाचं मैदान म्हणून ती आजही दाखवली जाते. वर छप्पर नाही, बाजूला भिंती नाहीत. चढायला उभे खांब आणि दोर, दोराची शिडी, तोल सांभाळत चालायला आडवा ओंडका, उंच उडीसाठी दोन खुंट आणि मध्ये आडवी काठी, काठीच्या आधाराने उडी मारण्याची सोय. बांबूउडीचे खांब, धाव आणि काठी धरण्याची पद्धत यांचं नीट वर्णन करणाऱ्या पहिल्या माणसांत त्यांचं नाव येतं. बहुतेक साहित्य गावच्या सुताराने करून द्यावं असं.

या सगळ्यात मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते ती लांब उडीची सोय. खंदक एका टोकाला अरुंद, दुसऱ्या टोकाकडे हळूहळू रुंद होत जाणारा. ही कल्पना देसाऊकडून आलेली, पण तिचं खरं चीज इथे झालं. सरळ कडांच्या खड्ड्यावर शिक्षक एक रेषा आखतो. रेषेपलीकडे गेला तो पास, अलीकडे पडला तो नापास. रुंदावत जाणाऱ्या खंदकावर मुलगा स्वतः ठरवतो की आज कुठून उडी मारायची. कालच्यापेक्षा दोन पावलं पुढे सरकायचं की तिथेच थांबायचं, हे त्याचं त्याने बघायचं. सहा वर्षांचा पोर आणि सोळा वर्षांचा मुलगा एकाच खंदकावर, एकाच वेळी, आपापल्या ताकदीप्रमाणे उडी मारू शकतात. कोणी बसून राहत नाही आणि कोणाची फजितीही होत नाही. पडला तरी स्वतः निवडलेल्या जागी पडतो, त्यामुळे ओरडायला मास्तर लागत नाही.

मिश्र वयाच्या वर्गाचं व्यवस्थापन या विषयावर आपण कार्यशाळा भरवतो. इथे एका फावड्याने तो प्रश्न निम्मा सोडवलेला दिसतो.

(योगायोग म्हणून नोंदवतो: याच सुमाराची गोष्ट आहे, इकडे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब घडवला. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. पण उभ्या लाकडी खांबावर माणसाने काय काय करावं याचा विचार पुण्यात आणि थुरिंगियात एका पिढीत चालू होता, एवढं खरं.)

वही

१७९३ मध्ये 'जिम्नास्टिक फ्युअर दी युगेंड', म्हणजे तरुणांसाठी व्यायामविद्या, हा त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. धावणं, उड्या, फेक, कुस्ती, चढणं, तोल, ओझं उचलणं, नाच, चालणं, आंघोळ आणि पोहणं हे सगळं त्यात आहेच. त्याशिवाय डोळे-कान-स्पर्श यांचे व्यायाम आहेत, मोठ्याने वाचण्या-बोलण्याचा सराव आहे, उपवास आणि जागरणसुद्धा आहे. उपवास-जागरणाची प्रकरणं मला पटत नाहीत. प्राचीन ग्रीक आणि प्राचीन जर्मन टोळ्यांच्या कणखरपणाचं त्या काळच्या सुशिक्षितांना जे वेड होतं त्याची ती छाया आहे. शहरी माणूस मऊ पडला, पूर्वजांकडे बघा, हा सूर त्या भागात वारंवार लागतो.

पण ग्रंथाचं बळ दुसरीकडे आहे. पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी व्यायामाची केलेली व्याख्या: कोवळ्या वयाच्या आनंदाचा वेश घेतलेलं काम. काम हा शब्द त्यांनी सोडला नाही आणि आनंदाचा वेशही काढू दिला नाही. नुसता खेळ म्हटलं असतं तर तास गंभीरपणे घेतला गेला नसता, नुसते कष्ट म्हटलं असतं तर मुलं पळाली असती.

दुसरी गोष्ट मोजणीची. कोणत्या मुलाने किती उडी मारली, किती धावला, किती भार धरला याची ते नोंद ठेवत आणि ठरावीक काळाने पुन्हा मोजत. ग्रंथात असे आकडे येतात. आज शारीरिक क्षमता चाचणीचे तक्ते भरताना आपल्याला यात नवीन काही वाटणार नाही. पण १७९३ साली एखाद्या मुलाच्या शरीराची प्रगती आकड्यांत लिहून ठेवावी, त्याची तुलना त्याच्याच मागच्या आकड्याशी करावी, ही गोष्ट नवी होती. तेव्हा डॉक्टर आजाऱ्याची नोंद ठेवीत. निरोगी मुलाची कोण ठेवतो?

तिसरी गोष्ट त्यांच्या हातून पुरी झाली नाही, पण लिहिली गेली. व्यायामाचं खरं शास्त्र शरीरक्रियांच्या ज्ञानावर उभं राहिलं पाहिजे आणि कोणता व्यायाम कोणाला किती हे त्या त्या मुलाच्या प्रकृतीवरून ठरलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते शास्त्र त्यांच्या काळी तयार नव्हतं. म्हणून त्यांनी जे हातात होतं ते केलं: मूल बघणं, मोजणं, लिहिणं, पुन्हा बघणं.

ग्रंथ भराभर पसरला. १७९९ मध्ये डॅनिश, १८०० मध्ये इंग्रजी. इंग्रजी आवृत्तीवर लेखक म्हणून नाव छापलं गेलं झाल्ट्समान यांचं. मुख्याध्यापकाच्या नावावर सहशिक्षकाचं पुस्तक, या प्रकाराची जातकुळी ओळखीची वाटेल, जरी इथे दोष भाषांतराच्या बाजूचा होता.

जंगल, भूगोल आणि एक विद्यार्थी

या प्रकरणातला सर्वांत श्रीमंत भाग मैदानाच्या बाहेर आहे. शाळेच्या मागे थुरिंगियाचं जंगल सुरू होतं. ९१६ मीटर उंचीचा इन्सेल्सबेर्ग जवळच. श्नेप्फेन्टालची मुलं सतत बाहेर पडत. लहान फेऱ्या आणि कित्येक दिवसांचे पायी प्रवासही. झाल्ट्समान यांनी या प्रवासांची वर्णनं अनेक खंडांत छापून काढली, म्हणून ते तपशील उरले.

गुट्समुट्स यांच्याकडे व्यायाम आणि भूगोल दोन्ही असल्यामुळे चालणं हा दोन तासांचा एक तास झाला. आधी शाळेभोवतीची जमीन, टेकडी, ओढा, रस्ता. पायांनी ओळखलेल्या प्रदेशापासून नकाशाकडे जायचं, उलट नाही. पुस्तकातल्या नद्यांची नावं पाठ करण्याआधी शेजारचा ओढा कुठून येतो हे बघायचं. चालण्याचं प्रकरण व्यायामाच्या ग्रंथात यावं आणि भूगोल शिकवणाऱ्यानेच ते लिहावं, यात योगायोग नाही.

याचा परिणाम मोजता येत नाही, पण एका विद्यार्थ्यापुरता दाखवता येतो. १७८५ मध्ये बोट धरून आलेला कार्ल रिटर पुढे १८२० मध्ये बर्लिन विद्यापीठात भूगोलाचा प्राध्यापक झाला. आलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांच्या बरोबरीने आधुनिक भूगोलशास्त्राचा संस्थापक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. दोघं वारलेही एकाच वर्षी, १८५९ मध्ये. रिटर यांचा मोठेपणा एका शाळामास्तरांच्या खात्यात जमा करणं हास्यास्पद होईल. पण भूमी आणि माणूस यांचा संबंध बघायची सवय त्यांना लहानपणी, पायी, जंगलाच्या कडेला लागली, हे नाकारायचं कारण नाही.

१७९७ मध्ये लग्न झाल्यावर गुट्समुट्स शाळेजवळच्या इबेनहाइन या खेड्यात राहायला गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. मोठ्या शहरात जाऊन संस्था काढावी, अनुयायी गोळा करावेत, असं त्यांच्या मनात आल्याचं दिसत नाही.

पाणी आणि चेंडू

दोन छोटी पुस्तकं थोडक्यात. १७९६ मध्ये खेळांचा संग्रह आला. शरीर आणि मन यांच्या सरावासाठी आणि विरंगुळ्यासाठी खेळ, अशी त्याची मांडणी. त्यात चेंडू-दांड्याच्या एका इंग्रजी खेळाचे नियम 'बेस-बॉल' या नावानिशी दिले आहेत. त्या नावाच्या खेळाचे आज ठाऊक असलेले सर्वांत जुने छापील नियम ते हेच. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ म्हणवणाऱ्या खेळाची पहिली नियमावली एका जर्मन खेड्यातल्या शाळामास्तराने लिहावी, हा इतिहासाचा खट्याळपणा म्हणायचा.

१७९८ मध्ये पोहण्याचं लहान पुस्तक आलं, तेही स्वतःचं स्वतः शिकण्यासाठी. तेव्हा उघड्यावर आंघोळ हा अनेक ठिकाणी असभ्य, कुठे कुठे बेकायदाही प्रकार समजला जाई, आणि नदीकाठची मुलं बुडत. आजवर बुडण्याची फॅशन आहे कारण पोहण्याची फॅशन नाही, अशा अर्थाचं त्यांचं एक वाक्य प्रसिद्ध आहे. त्यांची पद्धत तीन टप्प्यांची. आधी पाण्याशी ओळख, भीती जाईपर्यंत. मग जमिनीवर हातापायांच्या हालचाली. मग पाण्यात, दोरी-पट्ट्याच्या आधाराने.

इथे माझ्या मुद्द्याचा पहिला पुरावा. एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी पोहण्याच्या शाळांनी यातलं काय उचललं? दोरी, पट्टा आणि जमिनीवरची हुकुमी कवायत. पलटणीच्या पलटणी कोरड्या जमिनीवर पोटावर पडून हात मारू लागल्या. पाण्याशी ओळख हा पहिला टप्पा मात्र मागे पडला, कारण त्याला वेळ लागतो, आणि तो प्रत्येकाला वेगवेगळा लागतो.

बर्लिनचा पाहुणा

१८०६ मध्ये येना येथे नेपोलियनने प्रशिया या जर्मन राज्याचा दारुण पराभव केला. त्यानंतरच्या वर्षी फ्रीडरिश लुडविग यान नावाचा एक तिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस श्नेप्फेन्टालला येऊन मैदान बघून गेला. १८११ मध्ये त्याने बर्लिनच्या हाझेनहाइडे या मोकळ्या माळावर आपलं मैदान उघडलं. तिथे आडवा बार आला, समांतर बार आले. तिथली मुलं सारखे कपडे घालत, गाणी म्हणत, एकमेकांना 'तू' म्हणत. व्यायामाला 'टुर्नेन' हे नवं नाव मिळालं, आणि त्या नावाबरोबर फ्रेंचांविरुद्ध उभं राहणारं राष्ट्र मिळालं.

यान यांचं काम कमी लेखण्यात अर्थ नाही. जे श्नेप्फेन्टालला कधीच साधलं नसतं ते त्यांनी केलं: बंद निवासी शाळेतला व्यायाम रस्त्यावरच्या पोरापर्यंत नेला. हाझेनहाइडेला फी भरणारी मोजकी मुलं नव्हती, शेकड्यांनी मुलं यायची. पण तिथे मूल मोजायचं कारण बदललं. ते आता सैनिक होणार होतं.

आणि गुट्समुट्स? त्यांनीही १८१७ मध्ये नवं पुस्तक लिहिलं, 'टुर्नबुख', पितृभूमीच्या पुत्रांसाठी. नाव यान यांचं, सूर काळाचा, आणि लढाईच्या तयारीचा विचार उघड. या पुस्तकाकडे काही जण माघार म्हणून बघतात. मला ते एवढं सरळ वाटत नाही. फ्रेंच फौजांचा काळ त्यांनी जवळून पाहिला होता, आणि साठीकडे झुकलेल्या माणसाने आपल्या विषयाला आलेल्या भरतीत उडी घ्यावी यात अघटित काही नाही. तरीही १७९३ चा ग्रंथ आणि १८१७ चा ग्रंथ शेजारी ठेवले तर कोणता जास्त मोकळ्या हवेत लिहिला गेला, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

भरती लवकर ओसरली. १८१९ च्या मार्चमध्ये कार्ल झांड या विद्यार्थ्याने कोट्सेबू या लेखकाचा खून केला. झांड यान यांच्या टुर्नर (टुर्नेन करणाऱ्यांच्या) चळवळीतला होता. विद्यापीठं आणि वृत्तपत्रं यांच्यावर कार्ल्सबाडचे निर्बंध आले, यान यांना अटक झाली आणि १८२० पासून प्रशियात सार्वजनिक टुर्नेनवर बंदी पडली, ती १८४२ पर्यंत. व्यायाम राष्ट्राच्या गाडीला जोडला, गाडी उलटली आणि व्यायाम खाली आला.

श्नेप्फेन्टाल प्रशियात नव्हतं, छोट्या डचीत, म्हणजे ड्यूकच्या राज्यात होतं. तिथे ना कधी चळवळ झाली होती, ना झेंडे फडकले होते. झाल्ट्समान १८११ मध्येच वारले होते, शाळा त्यांच्या मुलाकडे होती. मैदानावरचा तास चालू राहिला.

कोणी काय नेलं

डेन्मार्कमध्ये फ्रान्झ नाख्तेगाल यांनी गुट्समुट्स वाचून १७९९ मध्ये कोपनहेगनला व्यायामशाळा काढली, आणि १८१४ मध्ये शाळांसाठीच्या कायद्यात व्यायाम आला. नाख्तेगाल यांच्या शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत कोपनहेगनला राहून गेलेले पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला मध्यवर्ती व्यायाम संस्था उभारली. लिंग ३ मे १८३९ ला गेले, गुट्समुट्स त्याच महिन्यात २१ तारखेला, वयाच्या ७९ व्या वर्षी, इबेनहाइनला. एकाच महिन्यात गेलेल्या या दोघांपैकी पुढची शंभर वर्षं शाळाशाळांतून लिंग यांच्या स्वीडिश ड्रिलचं नाव घुमलं.

जर्मन शाळांत आडोल्फ स्पीस यांनी व्यायाम छपराखाली आणला, रांगा, हुकूम, पावलं आणि ठेके बसवले. स्पीस यांचं एक श्रेय निःसंशय मोठं आहे: त्यांनी मुलींना व्यायामाच्या तासात आणलं. गुट्समुट्स यांची विद्या जवळजवळ सगळी मुलग्यांसाठी होती, आणि या प्रकरणाची ती सर्वांत मोठी उणीव आहे. पण स्पीस यांच्या सभागृहात एका वेळी पन्नास जणांना एकच हालचाल करावी लागे, आणि जिथे सगळे एकच हालचाल करतात तिथे वहीत लिहिण्यासारखं काही उरत नाही. हजेरी तेवढी उरते.

आपल्याकडे शालेय व्यायाम आला तो या दुसऱ्या वाटेने. इंग्रजी अमदानीत ड्रिल आलं, ते पुष्कळदा पलटणीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या तोंडी. मग १९२० मध्ये मद्रासला हॅरी क्रो बक यांनी वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची प्रशिक्षण शाळा काढली, १९३८ मध्ये मुंबई सरकारची कांदिवलीची संस्था आली, आणि प्रशिक्षित शिक्षक मिळू लागला. आखाड्याची परंपरा समांतर चालत होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन देशी खेळांचं प्रात्यक्षिक करून आला, ते शहर यान यांचं होतं. श्नेप्फेन्टाल कुणाच्या वाटेवर पडलं नाही.

हे प्रकरण कुठे लागू पडतं, कुठे नाही

आक्षेप आधी. श्नेप्फेन्टाल ही छोटी, फी घेणारी निवासी शाळा होती. शिक्षकाला प्रत्येक मुलाचं नाव, घर, खोड माहीत. सत्तर मुलांची तुकडी, पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली दहा मिनिटं जिन्यावर जातात आणि मैदानात दुचाक्या लावलेल्या असतात, अशा शाळेतल्या शिक्षकाला हे उदाहरण दाखवणं म्हणजे उपाशी माणसाला मेनूकार्ड वाचून दाखवणं. हा आक्षेप मी मान्य करतो. पन्नास वर्षं एका जागी हेही आपल्या बदल्यांच्या पद्धतीत बसत नाही. शिवाय त्यांनी जे टिकवलं त्यात शाळाचालकाचा वाटा मोठा होता. झाल्ट्समान यांनी व्यायामाचा तास कधी परीक्षेसाठी कापून घेतला असता, तर १७९३ चा ग्रंथ झालाच नसता.

तरी दोन गोष्टी संख्येवर अवलंबून नाहीत. एक, विषयांची जोडी. परिसर अभ्यास किंवा भूगोल शिकवणारा आणि मैदानावरचा शिक्षक एकमेकांशी बोलले, तर गडावरची सहल म्हणजे बस, वडापाव आणि सेल्फी यापलीकडे जाऊ शकते. वाट कोणत्या सोंडेने चढते, टाकं नेमकं इथेच का खोदलं, हे पायांनी समजतं. सह्याद्री ज्यांच्या खिडकीतून दिसतो त्या शाळांना तरी हे अवघड नसावं.

दुसरी, नोंदीचा हेतू. आपल्याकडे चाचण्यांचे आकडे वर पाठवण्यासाठी भरले जातात. गुट्समुट्स यांचे आकडे मुलाकडे परत जात होते. सत्तर मुलांच्या सगळ्या चाचण्या घेऊन हे होणार नाही, एकाच कृतीवर होईल. ती कृती खंदकाची असावी असं मला वाटतं, म्हणून थोडी व्यावहारिक माहिती देऊन थांबतो.

खड्डा खणायची गरज नाही. मोकळ्या मातीवर किंवा गवतावर दोन दोऱ्या इंग्रजी व्ही आकारात टाकायच्या, अरुंद टोकाला एक फूट, रुंद टोकाला वयाप्रमाणे सात-आठ फूट. जमीन खुरपून भुसभुशीत करून घ्यावी, सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉकवर हा प्रकार करू नये. कडेला चुन्याने दर अर्ध्या फुटाला खुणा. मुलांनी हव्या त्या खुणेपासून उड्या मारायच्या, शिक्षकाने कुठलीही खूण सुचवायची नाही. महिन्यातून एकदा, पार केलेली सर्वांत रुंद खूण मुलाने स्वतःच्या वहीत स्वतः लिहायची. सगळ्यांची मिळून यादी भिंतीवर लावू नये, लावली की खंदक पुन्हा सरळ कडांचा होतो. आणि दोऱ्या खुंटीला बांधू नका. पाय अडकला तर दोरी सरकली पाहिजे.